पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंग्ज: काय बदलावे, कशाला हात लावू नये

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा लिलाव सुरू झाला की अडतीच्या दुकानात पाच-सहा संगणकांवरून एकाच वेळी आवक, वजन आणि हिशोबपट्ट्यांच्या नोंदी होऊ लागतात. अशा दुकानासाठी पोस्टग्रेस हा डेटाबेस बसवताना हे ध्यानात ठेवावे की त्याची मूळ मूल्ये अगदी लहान यंत्रावरही डेटाबेस सुरू व्हावा, या हिशोबाने ठरवलेली असतात.

पहिली सेटिंग शेअर्ड बफर्सची, म्हणजे डेटा हाताशी ठेवण्यासाठी पोस्टग्रेस स्वतःकडे राखतो त्या मेमरीची. ती मुळात 128 एमबी असते. सर्व्हर केवळ डेटाबेससाठी राखलेला असेल, तर एकूण मेमरीचा पाव हिस्सा, म्हणजे 16 जीबीपैकी 4 जीबी, तिला द्यावा आणि डेटाबेस बंद करून पुन्हा सुरू करावा. उरलेली मेमरी ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स साठवून ठेवण्यासाठी वापरते, म्हणून ती वाया जात नाही.

खरी चूक होते ती वर्क मेमच्या, म्हणजे क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवताना लागणाऱ्या तात्पुरत्या मेमरीच्या बाबतीत. तिचे मूळ मूल्य 4 एमबी; ते एका कनेक्शनसाठी नसून क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्ट (क्रम लावणे) किंवा हॅश (नोंदी जुळवणे, गट करणे) या क्रियेसाठी असते. ते 64 एमबी केले, शंभर कनेक्शने एकाच वेळी कामाला लागली आणि प्रत्येकात अशा तीन क्रिया असल्या, तर सुमारे 19 जीबी लागतील, आणि यंत्रात आहेत 16. त्यामुळे मूळ मूल्य फारसे वाढवू नये; महिनाअखेरच्या मोठ्या अहवालापुरते, त्याच सेशनमध्ये (त्या एका कनेक्शनपुरते), सेट कमांडने वाढवावे.

एफसिंक, म्हणजे नोंदी डिस्कवर खरोखर लिहिल्या गेल्याची खात्री करणारी सेटिंग, मात्र कधीही बंद करू नये. एका दुकानात वेग वाढावा म्हणून कोणीतरी ते बंद केले होते. मे महिन्यातल्या भर दुपारी वीज गेली, यूपीएसची बॅटरी टिकली नाही आणि डेटा फाइल्स खराब झाल्या. आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून डेटाबेस उभा करून मी त्यांच्यासोबत कागदी पट्ट्यांवरून दिवसभराच्या नोंदी पुन्हा भरल्या. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब असा टांगणीला लागणे मला आजही सहन होत नाही. सिंक्रोनस कमिट (व्यवहार डिस्कवर पोहोचल्यावरच तो पूर्ण झाल्याचे कळवणे) बंद केल्यास फाइल्स बिघडत नाहीत, पण अखेरच्या काही क्षणांचे व्यवहार हरवू शकतात, म्हणून खातेवहीसाठी मी तेही करत नाही.

बाकी सेटिंग्ज तूर्त तशाच राहू द्याव्यात. एका सेकंदापेक्षा जास्त वेळ घेणाऱ्या क्वेरी लॉगमध्ये नोंदवण्याची सोय सुरू करावी, हंगामातला एक आठवडा तो लॉग वाचावा आणि मगच पुढचा बदल, एका वेळी एकच, तारीख व कारण लिहून करावा.