परभणीत बसून बीरेनबर्गचं हवामान कसं वाचायचं

एमपीएससीवाली पोरं हवामान म्हणलं की सरासरी तापमान आणि सरासरी पाऊस असे दोन आकडे पाठ करायलेत, त्यानं काहीच कळत नाही. त्यापेक्षा नकाशावर एक अवघड जागा धरा अन् तिच्याच मागं लागा. मी यान मायेन बेट सुचवतो, नॉर्वेचं आहे, आइसलँडच्या ईशान्येला.

गूगल अर्थवर 71 उत्तर, 8 पश्चिम टाका. लांबट बेट दिसेल, मधे बारीक, अन् उत्तरेचा भाग गोल फुगलेला. तो अख्खा गोल म्हणजे बीरेनबर्ग, 2277 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरनं उंच आणि तेही थेट समुद्रातून वर आलेला. जिवंत ज्वालामुखी आहे, 1970 आणि 1985 ला फुटलाय. दगड आपल्यासारखाच बेसॉल्ट, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षं जुना. पांढरे पट्टे दिसतात त्या हिमनद्या, उत्तरेकडची वायप्रेख्त तर पार समुद्रात उतरते.

आता तापमान. किनाऱ्यावर ऑगस्टमधे साधारण 5 अंश, हिवाळ्यात उणे 5-6. एवढ्या उत्तरेला एवढीच थंडी कामून? चारी बाजूनं समुद्र आहे म्हणून, सैबेरियात याच्याही दक्षिणेला असलेल्या वेर्खोयान्स्कला जानेवारी उणे 45 च्या आसपास असतो. मंग वर चढताना दर हजार मीटरला साडेसहा अंश कमी धरा, शिखरावर ऑगस्टमधे पण उणे 9-10 येतं, हिमनद्या का टिकतात ते इथंच कळालं.

पावसाची गंमत बघा. तिथं वर्षाला बर्फ धरून सातशे मिलीमीटरच्या आसपास, मराठवाड्यात पण जवळपास तेवढाच! पण आपला चार महिन्यांत पडतो आणि उन्हाळ्यात पाणी उडून जातं, तिथला वर्षभर झिमझिम, वाळायला ऊनच नाही. त्यात ग्रीनलँडकडून येणारा गार प्रवाह आणि अटलांटिकचं उबदार पाणी जवळजवळ, म्हणून धुकं लई. नुसता सातशेचा आकडा बघून कोरडं-ओलं ठरवू नका.

सगळ्यात भारी भाग शेवटी, नासाचं वर्ल्डव्ह्यू उघडा, उपग्रहाचे रोजचे फोटो दाखवणारी साइट, फुकट आहे, तारीख बदलत बदलत या बेटावर या. वारा उत्तरेचा असला आणि खाली ढगांचा सपाट थर असला की डोंगर त्या थराच्या वर डोकं काढतो, वारा दोन्ही बाजूनं वळसा घेतो आणि दक्षिणेकडं ढगांत एक डावा एक उजवा अशे भोवरे सुटत जातात, गोदावरीला पाणी असताना पुलाच्या खांबामागं सुटतात तसे. पण रोज दिसत नाहीत, बरेचदा नुसता पांढरा गोळा असतो, तारखा पालटत राहा. एप्रिल ते ऑगस्ट बघा. साधारण 20 नोव्हेंबरपासून 20 जानेवारीपर्यंत तिथं सूर्य उगवतच नाही, त्या दिवसांतले साधे फोटो काळेच येतात, उगी टाइम घालू नका.