गोवा ते लंडन: अंतराच्या आणि वेळेच्या हिशेबात या चुका टाळा

तिकीट हातात पडल्यावर काकांनी घरात जाहीर केलं, "साडेपाच तासांत लंडन!" दुपारी 1 ला सुटणार, संध्याकाळी 6:30 ला पोहोचणार. वजाबाकी चोख, पण घड्याळं दोन. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, म्हणजे खरा प्रवास अकरा तासांचा. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत तिथली घड्याळं तासभर पुढे असतात. त्या काळात फरक साडेचारच धरायचा. आपलं घड्याळ बारा महिने तेच असल्यामुळे हे नेमकं विसरलं जातं.

दुसरी गफलत अंतराची. गोवा-लंडन सरळ हवाई अंतर साधारण 7,600 किलोमीटर. त्याला ताशी 900 ने भागलं की साडेआठ तास येतात, आणि मग "विमान उशीर का करतं?" म्हणून चिडचिड. विमान फूटपट्टी लावून उडत नाही. बंद हवाई हद्दींना वळसा घालावा लागतो, धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याची मिनिटंही तिकिटावरच्या वेळेत धरलेली असतात. त्यात उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात, त्यामुळे परतीचा प्रवास बहुधा लवकर उरकतो. एखाद्या संकेतस्थळावर 4,100 च्या आसपास आकडा दिसला तर घाबरू नका, ते सागरी मैल. 1.852 ने गुणा.

दिल्लीमार्गे जाणार असाल तर दोन टप्पे मिळून साधारण 8,200 किलोमीटर होतात. पण खरा वेळ खातो तो मधला थांबा. दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅगा स्वतः उतरवून पुन्हा द्याव्या लागतात. चार पैसे वाचवायला दीड तासाच्या अंतरानं दुसरं विमान धरणं म्हणजे जुगार.

गोव्याची खास चूक मात्र जमिनीवरच होते. 5 जानेवारी 2023 पासून मोपाचं दुसरं विमानतळ सुरू झालं आणि 'गोवा विमानतळ' या शब्दाला काही अर्थ उरला नाही. मावसभाऊ दाबोळीच्या जुन्या विमानतळावर उतरला तेव्हा आम्ही मोपाला हार घेऊन उभे होतो! मधे साठेक किलोमीटर आणि शापोरा, मांडवी, झुवारी अशा तीन नद्या. तिकिटावर जीओआय (GOI) असेल तर दाबोळी, जीओएक्स (GOX) असेल तर मोपा.

आणि मध्यरात्रीनंतरची विमानं. पंचांगात वार सूर्योदयाला बदलतो, तिकिटावर रात्री बाराला. रविवार 00:40 असं छापलेलं असेल, तर फोंड्याहून शनिवारी रात्री आठच्या आत गाडी सुटायला हवी.