अंगावर पाजताना या चुका टाळा

"ताई, दूधच पुरत नाही हो." बाळंतिणींना पाजायला शिकवायचं काम करताना हे वाक्य मी रोज ऐकते. बाळ दिवसातून किती वेळा शू करतं असं विचारलं, की उत्तर येतं, "तसं कधी मोजलं नाही." मग दूध पुरत नाही हे कशावरून ठरलं? बाळ रडतं. छाती आता मऊ लागते. पंप लावला तर बाटलीचा तळ जेमतेम भिजला. यातल्या एकाही गोष्टीवरून दूध कमी आहे असं म्हणता येत नाही. सुरुवातीला छाती दगडासारखी भरते आणि काही आठवड्यांत मऊ पडते, कारण तोवर शरीराला बाळाच्या भुकेचा अंदाज आलेला असतो. संध्याकाळी बाळ तासन्‌तास सोडत नाही, तेही बहुतेक वेळा नेहमीचंच. पंपाचं म्हणाल, तर नीट ओढणाऱ्या बाळाची सर त्याला नाही.

मी भिंतीवर एक कागद लावायला सांगते. शू झाली की एक रेघ, शी झाली की फुली. पाचव्या दिवसापासून २४ तासांत निदान ६ ओले लंगोट, ३-४ वेळा पिवळी पातळ शी, आणि साधारण दोन आठवड्यांत जन्माचं वजन भरून आलेलं असलं, की दूध पुरतंय. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच. पण १० टक्क्यांच्या आसपास उतरलं तर कागदाकडे बघत बसू नका, डॉक्टरांकडे जा.

न मोजता घाबरलं की काय होतं, ते एका बाईच्या बाबतीत पाहिलं. बाळ तीन आठवड्यांचं, संध्याकाळी किरकिर करायचं. घरच्यांनी एकदा डब्याचं दूध पाजलं आणि बाळ चार तास झोपलं. झालं! "बघ, उपाशीच होतं पोर." तेव्हापासून प्रत्येक पाजण्यानंतर बाटली. पोट भरलेलं बाळ अंगावर कमी ओढणार, छाती रिकामी होणार नाही, आणि रिकामी झाली नाही की दूध कमीच तयार होणार. दोनेक आठवड्यांत तिचं दूध खरोखरच कमी झालं. माझ्याकडे आली ती दूध वाढवायच्या पावडरी आणि महागडा पंप घेऊन. बाळाने छाती कशी पकडलीय हे मात्र तोवर कुणीच पाहिलं नव्हतं. ते नुसतं बोंड चोखत होतं.

पकड सुधारली, बाळाला उघड्या अंगाने छातीवर ठेवायला सांगितलं, पाजून झालं की हाताने थोडं दूध काढायला लावलं. बाटली एकदम बंद केली नाही. बाळाचं वजन बघत बघत माप उतरवलं. दर दोन दिवसांनी तिचा प्रश्न ठरलेला, "अजून किती दिवस?" घाई असणाऱ्यांचं मला काही करता येत नाही. बरेच आठवडे गेले, आणि रात्रीची एक बाटली शेवटपर्यंत राहिलीच. राहू दे. बाळ बाळसं धरत होतं.

आता पकड. पाजताना दुखायचंच, असं ज्या बायकांना सांगितलं जातं त्यांची मला कीव येते. पहिले काही क्षण ओढ जाणवेल. पण पायाची बोटं आवळायची वेळ येत असेल, किंवा तोंडातून सुटल्यावर बोंड चपटं, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं दिसत असेल, तर पकड चुकली. अशा वेळी मलमं आणि बोंडावर घालायच्या सिलिकॉनच्या टोप्या विकत आणण्याआधी बाळाला सोडवा. ओढून नव्हे, ओठाच्या कोपऱ्यातून स्वच्छ बोट आत सरकवून. मग बाळाचं पोट आपल्या पोटाला लावा, नाक बोंडासमोर आणा आणि जांभई दिल्यासारखा मोठा आ होईपर्यंत थांबा. हे थांबणंच कुणाला जमत नाही. अर्धवट उघडलेल्या तोंडात बोंड कोंबलं की इजा ठरलेली. हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडाभोवतीचा काळसर भाग खालच्या बाजूने जास्त आत गेलेला दिसला, की पकड बसली. तरीही दुखतंच असेल तर बाळाच्या जिभेखालचा पडदा आखूड आहे का, ते दाखवून घ्या.

बाकीचं थोडक्यात. घड्याळ लावून पाजू नका. नवजात बाळ दिवसरात्रीत ८ ते १२ वेळा मागतं, आणि ओठ चाटणं, मुठी तोंडाशी नेणं ही भुकेची खूण आहे, रडणं फार उशिराची. पहिले दोन-तीन दिवस घट्ट, पिवळसर चीक थेंब थेंबच येतो, तो टाकू नका. सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी नको, उन्हाळ्यातसुद्धा नको. दुधात बहुतांश पाणीच असतं. काढलेलं दूध फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. ते गरम पाण्यात भांडं ठेवून कोमट करा, मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही.

आणि छातीत दुधाची गाठ झाली म्हणून ती जोरजोरात चोळू नका. आतली सूज वाढते. थंड पट्टी ठेवा, बाळाला नेहमीसारखं पाजत राहा, पंप लावून मुद्दाम जास्त दूध काढू नका. छाती लाल झाली आणि ताप भरला, तर एका दिवसाच्या आत डॉक्टर गाठा. त्या दुधाने बाळाला काही होत नाही, त्यामुळे पाजणं थांबवायचं नाही.