ट्रान्सफॉर्मेशन फसतंय? या चुका टाळा

ट्रान्सफॉर्मेशन म्हणजे जिवाणूंच्या पेशींत बाहेरचा डीएनए घालणं. ते करून सकाळी इन्क्युबेटर उघडावा तर प्लेट कोरी. मग मुलं सगळ्यात आधी प्लाझ्मिडवर, म्हणजे आत घालायच्या डीएनएच्या छोट्या वर्तुळावर, संशय घेतात. माझा अनुभव असा की प्लाझ्मिड बहुधा ठीकच असतं, पेशीच आधी मेलेल्या असतात.

न्यूमोकोकससारखे जिवाणू बाहेरचा डीएनए आपणहून आत घेतात. ग्रिफिथला १९२८ मध्ये उंदरांत दिसलं ते हेच. आपण प्रयोगशाळेत वापरतो तो ई. कोलाय जिवाणू सहसा बाहेरच्या डीएनएला दाद देत नाही. मँडेल आणि हिगा यांनी १९७० मध्ये त्याला कॅल्शियम क्लोराइडने वळवलं. पण अशा पेशी फार नाजूक होतात. उणे ८० मधली ट्यूब लवकर वितळावी म्हणून मुठीत धरू नका, बर्फातच वितळू द्या. व्हॉर्टेक्स (ट्यूब गरगर हलवणारं यंत्र) तर नकोच, बोटाने टिचकी पुरे. उरलेल्या पेशी पुन्हा गोठवायची काटकसरही नको.

हीट शॉक, म्हणजे डीएनए आत जावा म्हणून पेशींना दिलेला उष्णतेचा झटका, ४२ अंशांना, साधारण ४५ सेकंद. वॉटर बाथच्या डिस्प्लेवर मात्र विसंबू नका. आमचा बाथ ४२ दाखवायचा. एकदा साधा थर्मामीटर बुडवला तर ४५! दोन महिने आम्ही पेशी उकडत होतो आणि दोष प्लाझ्मिडला देत होतो.

शॉकनंतर लगेच बर्फ, मग माध्यमात ३७ अंशांना तासभर. प्लाझ्मिड घेतलेल्याच पेशी वाढाव्यात म्हणून प्लेटमध्ये कानामायसिन हे प्रतिजैविक वापरत असाल तर हा तास वाचवू नका. प्लाझ्मिडवरच्या जनुकापासून प्रतिकाराचं प्रथिन तयार व्हायला वेळ लागतो.

प्लेट कोरी नाही, उलट गच्च भरलीय? नीट बघा. मध्ये एक टपोरी कॉलनी आणि भोवती रव्यासारखे कण असतील तर ते उपग्रह. टपोरीतून बाहेर पडणारं बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम आसपासचं अँपिसिलिन हे प्रतिजैविक फोडतं, मग प्लाझ्मिड नसलेल्याही तिच्या सावलीत वाढतात. प्लेट १६-१८ तासांत बाहेर काढा आणि लूप (कॉलनी उचलायची तार) टपोरीलाच लावा. सगळीकडे सारखाच थर असेल तर अँपिसिलिन गरम आगरात पडलं असणार. बाटली हातात धरवेल इतकी निवली, साधारण ५० अंशांवर आली, की मगच घाला.

आणि कंट्रोलच्या प्लेटा वाचवू नका. डीएनए न घातलेल्या पेशी एका अँपिसिलिनच्या आणि एका साध्या प्लेटवर पसरा. पहिलीवर वाढ दिसली तर अँपिसिलिन गेलं. साधीही कोरी राहिली तर प्लाझ्मिडला हात लावू नका, पेशींची नवी बॅच करायला घ्या.