नवी वसाहत आखताना: आधी मोकळी जागा, मग घरे

नव्या वसाहतीच्या आराखड्यात बहुतेक वेळा आधी रस्ते आणि इमारती बसवल्या जातात आणि जे वेडेवाकडे कोपरे उरतात, त्यांवर हिरवा रंग भरून त्यांना उद्यान म्हटले जाते. हा क्रम उलटा करावा. नकाशावर प्रथम जमिनीचा उतार, पावसाच्या पाण्याच्या वाटा आणि जुनी मोठी झाडे दाखवावीत, या तिन्हींना धरून सलग मोकळी जागा राखावी आणि मगच घरे कुठे बसतात ते पाहावे. ओढा पाइपात घालून वरून रस्ता काढण्याचा मोह आवरावा, कारण मोठ्या पावसात पाणी आपली जुनी वाट शोधतेच.

हिरवाई किती असावी, यासाठी शहरी वृक्षांचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये मांडलेला ३-३०-३०० हा नियम हाताशी ठेवावा: प्रत्येक घरातून किमान ३ मोठी झाडे दिसावीत, परिसराच्या ३० टक्के भागावर झाडांची सावली असावी आणि उद्यान ३०० मीटरच्या आत असावे. यांतील ३० टक्क्यांची अट सर्वांत अवघड, कारण सावली हिरवळीने मिळत नाही. तिला मोठी झाडे लागतात आणि मोठ्या झाडांना खोल माती लागते. तळघरातील वाहनतळाच्या छतावर हातभर माती टाकून लावलेले रोप झुडपाएवढेच राहते. म्हणून आराखड्यात झाड म्हणून काढलेल्या प्रत्येक हिरव्या वर्तुळाखाली काय आहे, हे वास्तुरचनाकाराला विचारावेच.

शेजारधर्म सभागृह बांधून निर्माण होत नाही. तो रोजच्या येण्याजाण्यात जुळतो. सॅन फ्रान्सिस्कोतील तीन रस्त्यांची पाहणी नगररचनाकार डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी केली, तेव्हा तुरळक रहदारीच्या रस्त्यावरील रहिवाशांना आपल्याच रस्त्यावर जितके मित्र होते, त्यांच्या जेमतेम एक तृतीयांश मित्र प्रचंड रहदारीच्या रस्त्यावर राहणाऱ्यांना होते. तेव्हा वाहने वसाहतीच्या कडेला थांबवावीत, आतले रस्ते अरुंद ठेवावेत आणि घरांची दारे सामाईक पायवाटेकडे उघडावीत. माणसाच्या चेहऱ्यावरचे भाव साधारण २५ मीटरच्या आतच कळतात. घरांमधला चौक त्याहून फार रुंद केला, तर समोरासमोर राहूनही माणसे अनोळखी राहतात.

बाक कुठे ठेवावा, ही गोष्ट किरकोळ वाटते, पण तिथेच सर्वाधिक चुका होतात. पाठीशी भिंत किंवा झाड, डोक्यावर दुपारची सावली आणि समोर येणारी-जाणारी माणसे असतील, तरच बाकावर कोणी टेकते. उघड्या हिरवळीच्या मधोमध ठेवलेला बाक रिकामाच राहतो. मुलांची खेळण्याची जागा घरांच्या खिडक्यांतून दिसेल अशी असावी आणि वृद्धांचा बाक तिच्या जवळच असावा.

दुकान, दवाखाना आणि बसथांबा पायी पाच-सात मिनिटांवर असावेत, हे वेगळे सांगायला नको.

पहिली दोन-तीन वर्षे रोपांना पाणी कोण घालणार, त्याचा खर्च कोण उचलणार आणि मेलेले रोप किती दिवसांत बदलले जाणार, हे घरांचा ताबा देण्यापूर्वी करारात लिहून घ्यावे.