आधी रात्री मीटर वाचा, मग बल्ब बदला

मी साताऱ्यातल्या एका कॉलेजात वायरमन आहे. वीज वाचवायचं ठरलं की आधी कमिटी होते, मग ‘बटण बंद करा’चे स्टिकर येतात. वर्गातले दिवे-पंखे शिपाईमामा तसेही बंद करतात. पैसा जातो तो कोणी वापरत नसताना चालू राहणाऱ्या वस्तूंवर. म्हणून काम रात्री सुरू करा.

शनिवारी रात्री १० वाजता मुख्य मीटरचं रीडिंग घ्या आणि रविवारी पहाटे ५ वाजता परत घ्या. येणारा फरक बिलावरच्या एमएफनं (मल्टिप्लाइंग फॅक्टर, म्हणजे रीडिंगला गुणायचा आकडा) गुणा आणि ७ तासांनी भागा. समजा फरक ६ आला आणि एमएफ १० आहे. म्हणजे ६० युनिट झाले, तासाला साधारण साडेआठ. कुलूप लावलेल्या कॉलेजात साडेआठ किलोवॅट अखंड जळतायत. रोज रात्रीचे दहा तास धरले तरी महिन्याला अडीच हजार युनिट होतात. हा कागद प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा, पुढची बोलणी सोपी होतात.

आता टाँग टेस्टर (वायरभोवती चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र) घेऊन इमारतीमागून इमारत, पॅनेलमागून पॅनेल फिरा. हमखास सापडतात ते वॉटर कूलर. रात्रभर कोणी पाणी पीत नाही, पण कॉम्प्रेसर आपला लागतोय-सुटतोय. त्यांना टायमर बसवा. कॉम्प्युटर लॅबचा यूपीएस, १८ वर ठेवलेला सर्व्हर रूमचा एसी (२४-२५ वर सर्व्हरचं काही बिघडत नाही) आणि सकाळी नऊपर्यंत जळणारे आवारातले दिवे हेही बघा. मात्र मायक्रोबायोलॉजीचा फ्रीज आणि इन्क्युबेटर मॅडमना विचारल्याशिवाय बंद करायचा नाही. त्या स्विचवर लाल पट्टी मारा. पोरांचं प्रोजेक्ट त्यात असतं.

एचटी, म्हणजे हाय टेन्शन कनेक्शन असेल तर पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटरकडे बघाच. पॉवर फॅक्टर म्हणजे ओढलेल्या विजेतली किती खरंच कामी आली ते प्रमाण. महाराष्ट्रात एचटी ग्राहकांना १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे कामी आलेल्या नव्हे तर ओढलेल्या एकूण विजेवर बिल येतं, म्हणजे पॉवर फॅक्टरची खोट थेट युनिटमध्ये दिसते. पूर्वी चोकवाल्या ट्यूब होत्या, त्यांच्या हिशेबानं कपॅसिटर कायमचे जोडून ठेवलेले असतात. आता ट्यूब गेल्या, एलईडी आल्या, कपॅसिटर मात्र तेच. रात्री लोड उतरला की कपॅसिटर गरजेपेक्षा जास्त होतात, पॉवर फॅक्टर उलट बाजूला, लीडिंगला जातो आणि तोही बिलात धरला जातो. मीटरचं बटण दाबत रात्रीचा पॉवर फॅक्टर बघा. लीडिंग दिसला तर लोडप्रमाणे कपॅसिटर जोडणारं-सोडणारं ऑटोमॅटिक पॅनेल मागा. डिमांडचंही, म्हणजे बिलात धरल्या जाणाऱ्या विजेच्या सगळ्यात मोठ्या मागणीचंही असंच. ती अर्ध्या तासाच्या सरासरीवर नोंदली जाते, म्हणून प्रॅक्टिकलच्या ऐन वेळी बोअरची मोटर लावू नका.

पंखे बदलायचेच असतील तर आधी लायब्ररी आणि हॉस्टेल. जुना पंखा ७५ वॅट, कमी वीज खाणाऱ्या बीएलडीसी मोटरचा ३०-३५. दिवसाला १४ तास फिरणारा पंखा पैसे फेडतो. सेमिनार हॉलचे पंखे उद्घाटनाला फोटोत छान दिसतात, पण फिरतात कधी?

पाण्याचं गणित वेगळं नाही. कास तलावाचं पाणी शहरात उतारानं येतं, पण गच्चीवर चढवायला मोटर लागतेच. बोअरचं पाणी ६० मीटरवरून उचलून २० मीटर उंच टाकीत टाकलं, तर दहा हजार लिटरला पाच-साडेपाच युनिट जातात. टाकी भरून वाहिली की पाणी आणि वीज दोन्ही गेलं.

टाकीची परीक्षाही रात्रीच. हॉस्टेलची पोरं झोपली की इनलेटचा व्हॉल्व्ह बंद करा, टाकीत काठी बुडवा आणि ओल्या रेघेवर खडूनं खूण करा. पहाटे, पहिली बादली भरायच्या आत, परत बुडवा. टाकीचा तळ ४ बाय ५ मीटर असेल, तर एक सेंटिमीटर म्हणजे २०० लिटर. पाच सेंटिमीटर उतरली असेल तर रातोरात हजार लिटर गळालं. टाकीतून उतरणारी पाइपलाइन धरून मजलानिहाय व्हॉल्व्ह बंद करत जा, गळती कुठल्या विंगमध्ये आहे ते कळतं. नळ टपकतो तो दिसतो. खरी चोर असते फ्लशची टाकी, कारण ती आवाज न करता भांड्यात गळत राहते. मेसमधून जिलेबीचा केशरी रंग आणा, चिमूटभर फ्लशच्या टाकीत टाका आणि पंधरा मिनिटं कोणाला आत जाऊ देऊ नका. फ्लश न करता भांडं केशरी झालं, तर आतला वॉशर गेला. वॉशर स्वस्तात येतो, प्लंबर लवकर येत नाही, म्हणून वॉशरचा डबा स्टोअरमध्येच ठेवा.

हे सगळं एकट्याचं काम नाही. ‘कमवा आणि शिका’ ही तर साताऱ्याच्या मातीतली गोष्ट, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वसतिगृहापासूनची. त्या योजनेतल्या पोरांना रीडिंगचं काम द्या, तासाचे पैसे द्या. त्यातही माण-खटावकडची पोरं निवडा. टँकरची वाट बघत वाढलेल्या पोराला गळका नळ दाखवावा लागत नाही. वही मात्र एकच ठेवा: तारीख, वेळ, मीटर, टाकी, सही. मोबाइलवरचे फोटो पोरगं पास होऊन गेलं की त्याच्याबरोबर जातात.

आणि दिवाळीच्या सुट्टीआधी टायमरवर विसंबू नका. कूलर मेन स्विचवरून बंद करून त्यातलं पाणी काढून टाका, मजल्यांचे व्हॉल्व्ह बंद करून ठेवा आणि किल्ल्या वॉचमनकडे द्या.