गावाचा आपत्ती आराखडा गावकऱ्यांसोबत कसा करावा

मे महिना लागला की मान्सूनपूर्व तयारीची पत्रं तहसीलमधून ग्रामपंचायतीत येतात. बऱ्याच गावांत ग्रामसेवक एकटाच बसून नमुना भरतो: लोकसंख्या, बोअरवेल, शाळेच्या खोल्या, पोलीस पाटलांचा नंबर. कागद पूर्ण होतो. पण नाल्याकाठच्या टोलीत (वस्तीत) एकट्या राहणाऱ्या म्हातारीला रात्री दोन वाजता कोण उचलणार, हे त्यात नसतं. ते टोलीतल्या माणसांनाच ठाऊक असतं. म्हणून आराखडा लोकांनी करायचा आणि ग्रामपंचायतीने तो लिहून घ्यायचा.

विदर्भाने याची किंमत मोजली आहे. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुरात नरखेड तालुक्यातल्या मोवाडमध्ये दोनशेहून जास्त माणसं गेली. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तो मुख्यतः मध्यप्रदेशातल्या पावसाचा आणि धरणांतून सोडलेल्या पाण्याचा. आपल्या शिवारात थेंब नसतानाही नदी गावात शिरू शकते, हे भंडारा ते गडचिरोलीपर्यंतच्या काठावरच्या लोकांनी पाहिलं.

बैठक कधी आणि कुठे

धानाच्या रोवणीच्या दिवसांत बैठक ठेवली तर बाया येणार नाहीत, आणि त्यांच्याशिवाय केलेला आराखडा अर्धाच. मार्च-एप्रिल बरा. तोवर मिरची तोडायला तेलंगणात गेलेली कुटुंबंही बहुधा परतलेली असतात. मोहफुलं वेचायची असतात ती पहाटे, त्यामुळे संध्याकाळी जेवणं उरकल्यावर बसा. तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू झाला की मात्र कोणी हाती लागत नाही.

एका मोठ्या ग्रामसभेपेक्षा टोलीटोलीत, पोडावर (कोलामांच्या वस्तीवर), वेगवेगळ्या संध्याकाळी लहान बैठका घ्या. चावडीवरच्या सभेत चार-पाच माणसंच बोलतात. टोलीतल्या अंगणात मात्र एरवी गप्प राहणारी बाईसुद्धा सांगते, "आमच्याकडे पाणी मागून येते, समोरून नाही." सरपंचांनी हजर राहावं, पण प्रश्न आशाताई किंवा बचत गटाच्या अध्यक्ष ताईंनी विचारावेत. लोक त्यांच्यासमोर मोकळे होतात.

प्रश्नही नीट निवडा. "तुमच्या अडचणी सांगा" म्हटलं की नाली, रस्ता, घरकुल अशी यादी येते. त्या मागण्या खऱ्या आहेत, पण त्यातून आराखडा निघत नाही. त्याऐवजी विचारा: मागच्या वेळी पाणी आधी कुणाच्या दारात आलं? तुम्हाला कुणी उठवलं? ढोरं कुणी सोडली? दवाखान्यात जायचं होतं ते कसं गेले? घटना सांगायला लागली की माणसं एकमेकांना दुरुस्त करत जातात, आणि खरी माहिती त्यातूनच बाहेर येते.

धोके दोन-तीनच निवडा. नदीकाठी पूर, धानपट्ट्यात वीज पडणं, चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे उष्माघात, तणसाच्या (धानाच्या पेंढ्याच्या) ढिगांच्या गावात एप्रिल-मेमधली आग. सगळंच घ्यायला गेलं तर एकही नीट होत नाही.

नकाशा जमिनीवर काढा

मला या सगळ्या कामात सर्वांत जास्त विश्वास या पायरीवर आहे. शाळेचं मैदान झाडून घ्या. रांगोळीने रस्ते, निळ्या भुकटीने नदी-नाला, विटांनी घरं, पानांनी झाडं. पोरं धावत विटा आणतात, म्हातारे काठीने दाखवतात. थोड्या वेळात वाद सुरू होतो: नाल्याचं पाणी आधी रपट्यावरून (ठेंगण्या पुलावरून) येतं की मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) सांडव्याकडून? हा वाद थांबवू नका. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या माणसांना मुद्दाम पुढे बोलवा. पाण्याची चढ-उतार त्यांच्याइतकी कुणाला कळत नाही, आणि डोंगाही (लहान नाव) त्यांच्याकडेच असतो.

नकाशावर लाल खडे ठेवत जा: पाणी शिरणारी घरं, वाहून जाणारी वाट, विजेची डीपी, पाण्याखाली जाणारी बोअरवेल. मग उंच जागा शोधा. शाळा उंचावर आहे असं गृहीत धरू नका, ती नाल्याच्या उतारावर असल्याचं अनेकदा नकाशावरच लक्षात येतं. फोटो काढा, मग मोठ्या कागदावर उतरवा. मागच्या पुराची पातळी देवळाच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर ऑइल पेंटने खुणावून वर्ष लिहा. ती खूण उद्या विसरलेल्यांना आणि नव्याने घर बांधणाऱ्यांना उपयोगी पडेल.

आधी कुणाला हलवायचं

ही यादी आशा आणि अंगणवाडी सेविका मिळून करतील. गरोदर बाया, बाळंतिणी, लहान मुलं, एकटे म्हातारे, अपंग, डायलिसिसवरचे रुग्ण. आपल्याकडे आणखी एक गट हमखास सुटतो: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण. ओलं राहणं, गारठा आणि पाणी कमी पडणं यांनी त्यांचा त्रास उसळतो, म्हणून त्यांच्या गोळ्या पावसाळ्याआधी जास्तीच्या आणून ठेवा. ज्यांच्या बाळंतपणाची तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येते, त्यांना आधीच दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे किंवा माहेरघरात (बाळंतपणाआधी राहायच्या सरकारी सोयीत) पाठवण्याची तजवीज करा. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावरून पाणी गेलं की पलीकडचा संपर्क तुटत आला आहे. तशा भागात हा निर्णय पूर येण्याआधीच व्हायला हवा.

प्रत्येक नावापुढे दोन माणसांची नावं लिहा, आणि ती शेजारचीच असू द्या. "युवक मंडळ मदत करेल" असं लिहिलं तर त्या रात्री कोणीच येत नाही. वीटभट्टीवरचे आणि बाहेरगावाहून आलेले मजूर यादीत नसतील तर आत्ताच घाला. यादीत आजारांची नोंद असते, ती भिंतीवर चिकटवू नका. आशा, पोलीस पाटील आणि नेमलेल्या माणसांकडेच राहू द्या.

निरोप कसा फिरणार

तहसीलमधून तलाठी, पोलीस पाटील, कोतवाल असा निरोप येतो. पण पूर आला की आधी वीज जाते, मग टॉवर. म्हणून इशाऱ्याची एक खूण ठरवा, देवळाची घंटा न थांबता वाजवणं किंवा बॅटरीवरचा भोंगा, आणि तो इशारा देण्याचा अधिकार कुणाला हेही नावानिशी ठरवा. ती माणसं दोन असावीत, एक गावाबाहेर असली तरी काम अडू नये. नदीच्या वरच्या अंगाच्या दोन गावांतल्या ओळखीच्या माणसांचे नंबर घ्या. मला ही नोंद सगळ्यांत मोलाची वाटते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि ११२ हे नंबर रेशन दुकानावर, शाळेवर, चक्कीवर रंगवा.

वीज कडाडू लागली की बांधीतलं (धानाच्या शेतातलं) काम कोण थांबवणार हे आधी ठरलं पाहिजे. ढग गडगडत असतानाही बाया चिखलात वाकलेल्या असतात, कारण गुत्त्याचं (ठेक्याचं) काम अर्धवट टाकलं तर मजुरी कापली जाईल ही भीती असते. ग्रामसभेत शेतमालकांकडून कबूल करून घ्या की विजेमुळे थांबलेल्या वेळेची मजुरी कापणार नाही. गटाच्या मुकादम ताईंच्या फोनवर विजेचा इशारा देणारं 'दामिनी' ॲप टाकून द्या. लखलखाट आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी वेळ असेल तर पक्क्या इमारतीत जायचं, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. वीज पडलेल्या माणसाला हात लावल्याने करंट लागत नाही. श्वास चालत नसेल तर लगेच छातीवर दाब देणं सुरू करायचं. हे आरोग्यसेवकाकडून सगळ्यांना करून दाखवून घ्या.

ढोरं आणि रपटा

माणसं घर सोडत नाहीत ती बऱ्याचदा कोठ्यातल्या ढोरांपायी. त्यामुळे ढोरांची उंच जागा माणसांच्या जागेबरोबरच ठरवा आणि कुणाच्या ढोरांची दावी कोण सोडणार ते लिहा. तणस आणि पाण्याची सोयही तिथेच.

रपट्यावरून पाणी जात असताना "एवढ्याशा पाण्यातून गाडी निघते" म्हणत उतरलेली माणसं दरवर्षी वाहून जातात. फूटभर खोल, वेगाने वाहणाऱ्या पाण्यात मोटारसुद्धा तरंगून वाहू शकते. दोन्ही टोकांना बांबू आडवा लावायची जबाबदारी चार नावांवर टाका, पाळी ठरवा. त्यांना ग्रामसभेचं पाठबळ हवं, नाहीतर गावातलाच कुणी त्यांच्याशी भांडून पलीकडे जातो.

तालीम आणि ठराव

जूनच्या पहिल्या आठवड्यात दिवसा एकदा तालीम घ्या: घंटा, यादीतली माणसं, उंच जागा. जमलं तर नंतर अंधार पडल्यावर पुन्हा. कुणाचं कुलूप लवकर उघडत नाही, कुणाची खाट दारातून निघत नाही, हे तेव्हाच कळतं.

मग महिला सभेत आराखडा वाचून दाखवा आणि त्यानंतर ग्रामसभेत ठराव घ्या. पेसा क्षेत्रात (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना जास्त अधिकार देणारा कायदा लागू असलेल्या गावांत) टोलीची स्वतःची ग्रामसभा असेल तर तिथेच घ्या. दोर, टॉर्च, भोंगा, स्ट्रेचर यांचा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात दाखवा. एक प्रत तहसीलदारांकडे पोच घेऊन द्या. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यामुळे गावाची मागणी त्या साखळीत लेखी पोचलेली असावी.

पूर किंवा वादळ होऊन गेलं की आठवड्याच्या आत त्याच अंगणात पुन्हा बसा आणि कोणता निरोप उशिरा पोचला ते विचारा. दर वर्षी होळीनंतर नावं तपासा. कुणी बाळंत झालेली असते, कुणी गाव सोडून गेलेला असतो, नेमलेल्या दोघांतला एखादा आता पुण्याला कामाला असतो. त्याच्या जागी शेजारचं दुसरं नाव त्याच बैठकीत लिहून घ्या.